फॅटी लिव्हर : वनस्पतींवरील विश्वास आणि पुराव्याची कसोटी

नंजनगूड (जि. म्हैसूर) : म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी वसलेले नंजनगूड हे गाव श्रीकंठेश्वराच्या मंदिरामुळे 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. कन्नडमध्ये 'नंजु' म्हणजे विष. विष प्राशन करणारा तो नंजुंड, म्हणजेच मराठी भाविकांचा नीळकंठ. व्याधी हरण करणारा देव अशी त्याची ख्याती आहे. टिपू सुलतानाच्या हत्तीचा नेत्रविकार येथे बरा झाला आणि तेव्हापासून सुलतान या देवाला 'हकीम नंजुंड' म्हणू लागला, अशी आख्यायिका सांगितली जाते. याच गावात वैद्य बी. व्ही. पंडित यांनी १९१३ मध्ये 'सद्वैद्यशाला' स्थापन केली. तेथील आयुर्वेदिक दंतमंजनाने नंजनगूडचे नाव दक्षिणेतील घराघरांत पोहोचवले.

गावाची दुसरी ओळख अलीकडची आहे. नंजनगूडच्या औद्योगिक वसाहतीत नेस्ले इंडियाचा इन्स्टंट कॉफी आणि नूडल्सचा कारखाना १९८९ पासून सुरू आहे. तालुक्यातील अळगंची येथे साखर कारखाना आहे. अर्थात कारखाना गावात आहे म्हणून रोग गावात आला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. येथील साखर आणि नूडल्स देशभर जातात आणि देशभरच खाल्ले जातात. तथापि औषधी वनस्पतींवरील पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आणि तयार खाद्यपदार्थांचा नवा आहार या दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यात शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. आहारामुळे जडणाऱ्या 'फॅटी लिव्हर' या विकारावर वनस्पतिजन्य उपाय कितपत लागू पडतात, हा प्रश्न त्यामुळे येथून विचारणे उचित ठरते. हा प्रश्न केवळ नंजनगूडचा नाही. पुण्या-मुंबईतील औषधांच्या दुकानांत आणि नागपूर-कोल्हापूरच्या वैद्यांकडेही तो तितक्याच आग्रहाने विचारला जात आहे.

विकाराचे स्वरूप

यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये मेद साठला की त्यास 'फॅटी लिव्हर' म्हटले जाते. मद्यपान न करणाऱ्यांमध्येही मद्यपींसारखाच यकृतदाह आढळतो, याकडे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८० मध्ये लक्ष वेधले. या विकाराचे 'नॉन-अल्कोहोलिक' हे जुने नाव २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर बदलण्यात आले आणि चयापचयातील बिघाडाशी त्याचा असलेला संबंध नव्या नावात नोंदवण्यात आला. विकाराचे मूळ आहारात आणि शरीराच्या चयापचयात आहे, ही त्यामागील भूमिका होय.

भारतातील या विकाराची व्याप्ती मोठी आहे. देशातील विविध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांचा त्यात सहभाग होता. त्यानुसार प्रौढांमधील प्रमाण सुमारे ३८ टक्के भरते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याविषयीची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

हा विकार केवळ लठ्ठ व्यक्तींना होतो, हा समजही खरा नाही. पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील १,९११ व्यक्तींची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ८.७ टक्के लोकांमध्ये हा विकार आढळला आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींचा बॉडी मास इंडेक्स २५ पेक्षा कमी होता. काटक दिसणारा शेतकरी आणि पोट सुटलेला संगणक अभियंता या दोघांनाही हा विकार गाठू शकतो.

यकृतात साठणारा हा मेद येतो कोठून, याचे उत्तर अमेरिकेत २००५ मध्ये झालेल्या एका छोट्या पण महत्त्वाच्या अभ्यासाने दिले. साठलेल्या मेदापैकी सुमारे ५९ टक्के भाग शरीरातील चरबीच्या साठ्यांतून सुटलेल्या मेदाम्लांचा होता. २६ टक्के मेद यकृताने स्वतःच साखर व पिष्टमय पदार्थांपासून तयार केलेला होता. थेट जेवणातील तेला-तुपातून आलेला मेद अवघा १५ टक्के होता. तळलेले पदार्थ सोडले, पण गोड चहा, सरबत, बिस्किटे आणि पांढऱ्या भाताचे ढीग तसेच राहिले, तर यकृताला फारसा दिलासा का मिळत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

काविळीतून मिळालेली प्रतिष्ठा

यकृतासाठी वनस्पती, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भुईआवळी, कुटकी, पुनर्नवा, गुळवेल, कालमेघ ही नावे महाराष्ट्रातील वैद्यांप्रमाणेच कर्नाटकातील नाटी वैद्यांच्याही परिचयाची आहेत. मात्र या वनस्पतींना 'यकृताचे औषध' अशी प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने काविळीच्या उपचारांतून, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

दूषित पाण्यातून होणारी 'अ' प्रकारची कावीळ बहुतेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांत आपोआप बरी होते. अशा आजारात जो उपाय केला जातो, त्याला यशाचे श्रेय मिळते. गळ्यात घातलेली काविळीची माळ असो किंवा नाकात पिळलेला कडू दोडकीचा रस असो, रुग्ण बरा झाला की उपायाची कीर्ती वाढते. फॅटी लिव्हरचे तसे नाही. तो वर्षानुवर्षे मूकपणे वाढतो. डोळे पिवळे होत नाहीत, पोट दुखत नाही, ताप येत नाही. आपोआप उतरणाऱ्या आजारावर मिळालेली कीर्ती आपोआप न उतरणाऱ्या विकाराच्या उपचारासाठी वापरली जात आहे, आणि सध्याच्या गोंधळाचे मूळ येथेच आहे.

याचा अर्थ या वनस्पतींवर गंभीर संशोधन झालेच नाही, असा नव्हे. मुंबईतील डॉ. अंतरकर, डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यवर्धिनी या प्रसिद्ध कल्पाची विषाणुजन्य काविळीतील चाचणी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही खरे औषध कोणते व निष्क्रिय गोळी कोणती हे ठाऊक नसावे, अशा कडक पद्धतीने ती घेण्यात आली होती. कुटकीच्या मुळाच्या चूर्णाची तशीच चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १५ रुग्णांना कुटकी आणि १८ रुग्णांना निष्क्रिय गोळी देण्यात आली. कुटकी घेणाऱ्यांचे बिलिरुबिन लवकर उतरल्याचे आढळले. आयुर्वेदाला आधुनिक कसोटी लावण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. परंतु तो काविळीसाठी होता आणि रुग्णांची संख्याही अल्प होती. त्या निष्कर्षावरून फॅटी लिव्हरवर कुटकी चालते, असे म्हणता येत नाही.

उंदरापासून माणसापर्यंत

फॅटी लिव्हरवरील वनस्पतींचे बहुसंख्य शोधनिबंध उंदरांवरील प्रयोगांचे असतात. भरपूर मेद किंवा फ्रुक्टोज असलेला आहार देऊन उंदरांचे यकृत आजारी पाडले जाते आणि त्याच वेळी किंवा थोड्या दिवसांनी एखाद्या वनस्पतीचा अर्क दिला जातो. यकृतातील मेद कमी झाला की 'अमुक वनस्पती गुणकारी' असे वृत्त प्रसिद्ध होते. असे अनेक अर्क उंदरांमध्ये यशस्वी ठरतात, तरी माणसांमध्ये ते टिकत नाहीत. उंदराचा विकार दोन-चार महिन्यांत कृत्रिमरीत्या घडवलेला असतो, तर माणसाचा वीस-तीस वर्षांत. शिवाय उंदराला वजनाच्या मानाने दिलेली मात्रा माणसाला देणे पुष्कळदा शक्यच नसते.

माणसांवर झालेल्या चाचण्यांपैकी तीन उदाहरणे बोलकी आहेत. पहिले दारुहळदीचे. दारुहळदीत असणाऱ्या बर्बेरिन या द्रव्याची चाचणी चीनमध्ये झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. १८४ रुग्णांच्या या चाचणीत, १६ आठवड्यांनंतर, आहार-व्यायामासोबत बर्बेरिन घेणाऱ्यांच्या यकृतातील मेद सरासरी ५२.७ टक्क्यांनी घटला. केवळ आहार आणि व्यायाम पाळणाऱ्या गटात ही घट ३६.४ टक्के होती. बर्बेरिनचा वाटा आशादायक आहेच. परंतु परिणामाचा मोठा भाग कोणत्याही गोळीविना मिळाला, हेही त्याच आकड्यांत दिसते.

दुसरे उदाहरण 'मिल्क थिसल' या युरोपीय वनस्पतीतील सिलिमरिनचे. भारतातील अनेक 'लिव्हर टॉनिक'मध्ये ते असते. मलेशियात बायोप्सीने निदान झालेल्या ९९ रुग्णांवर ४८ आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. ठरवलेले मुख्य उद्दिष्ट ३२.७ टक्के रुग्णांनी गाठले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांनी. हा फरक निर्णायक नव्हता. यकृतातील तंतुमयता मात्र औषधाच्या गटात अधिक रुग्णांमध्ये कमी झाल्याचे दिसले. मोठ्या चाचणीने याची खातरजमा व्हावी, इतकाच निष्कर्ष त्यातून निघतो.

तिसरे उदाहरण हळदीचे. हळदीतील कुरकुमिनवर इराणमध्ये अनेक छोट्या चाचण्या झाल्या असून त्यांत यकृताची एन्झाइमे किंवा सोनोग्राफीतील मेद कमी झाल्याचे नोंदवले गेले. त्या बहुतेक दोन-तीन महिन्यांच्या आहेत. या विकारात खरा धोका तंतुमयतेचा, म्हणजे यकृतात तयार होणाऱ्या व्रणांचा असतो. त्यांवर काय परिणाम होतो, हे इतक्या अल्प काळात कळू शकत नाही.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

'वनस्पतीच आहे, अपाय तर होणार नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. यकृताच्या बाबतीत ते विशेष धोक्याचे आहे, कारण पोटात गेलेल्या बहुतेक द्रव्यांची विल्हेवाट यकृतालाच लावावी लागते.

कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा लोकप्रिय झाला. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे आढळले आणि २०२१ मध्ये तसा अहवाल प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, याची शहानिशा झाली नसल्याचे मंत्रालयाचे म्हणणे होते. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील विविध रुग्णालयांतील ४३ रुग्णांचा अहवाल आला. अनेक रुग्णांमध्ये रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याच्या भूमिकेचा पुनरुच्चार केला. हा वाद बाजूला ठेवला, तरी सर्वसामान्य रुग्णासाठी त्यातून एक गोष्ट निश्चित होते. घरी आणलेली वेल नेमकी कोणती आहे, हे त्याला सांगता येत नाही आणि ती आपल्याला मानवेल की नाही, हेही आधी कळत नाही.

हळदीचेही तसेच. आमटी-भाजीतील चिमूटभर हळद आणि मिरीच्या अर्कासह शोषण वाढवलेली कुरकुमिनची कॅप्सूल या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशा पूरक पदार्थांमुळे यकृताला इजा झाल्याची दहा प्रकरणे अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये नोंदवली. ग्रीन टीच्या अर्काबाबत युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये इशारा दिला. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक कॅटेचिन पूरक पदार्थांतून घेतल्यास यकृतास अपाय संभवतो, असे त्यात म्हटले होते. कपातला चहा आणि बाटलीतला अर्क यांत हाच फरक आहे.

शिवाय 'वनस्पतिजन्य' म्हणून घेतले जाणारे प्रत्येक औषध तसे असतेच असे नाही. आरोग्यवर्धिनीत सुमारे निम्मी कुटकी असली, तरी पारा व गंधक यांची कज्जली, लोहभस्म, अभ्रकभस्म आणि ताम्रभस्मही असते. हा कल्प वैद्यांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळ देण्याची परंपरा आहे. तो दुकानातून आणून महिनोन्‌महिने घेणे त्या परंपरेलाही धरून नाही. अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागेल.

बाजार, नियम आणि पोकळी

फॅटी लिव्हरवरील अशा उत्पादनांना इतकी मागणी का आहे, याचे एक कारण आधुनिक वैद्यकातच सापडते. या विकारासाठी मान्यताप्राप्त औषध दीर्घकाळ नव्हतेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रेस्मेटिरोम या पहिल्या औषधाला मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडलाही या विकारासाठी परवानगी मिळाली. दोन्ही औषधे मध्यम ते प्रगत तंतुमयता असलेल्या, परंतु सिरोसिस न झालेल्या रुग्णांसाठी आणि आहार-व्यायामाच्या जोडीने द्यावयाची आहेत. सोनोग्राफीचा अहवाल हाती घेऊन आलेल्या रुग्णाला 'वजन कमी करा' एवढेच सांगितले गेले, तर तो गोळी शोधत दुसऱ्या दारी जाणार, हे उघड आहे. ही पोकळी 'लिव्हर टॉनिक'ने भरून काढली.

नियमांची चौकटही पुरेशी बळकट नाही. प्राचीन ग्रंथांत उल्लेख असलेल्या आयुर्वेदिक कल्पांना बाजारात येण्यासाठी नव्याने चाचण्या द्याव्या लागत नाहीत. जाहिरातींना पूर्वमान्यता बंधनकारक करणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला. आयुष मंत्रालयाने तो १ जुलै २०२४ रोजी वगळला. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑगस्ट २०२४ रोजी त्या निर्णयास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ याचिका निकाली निघाल्यावर ती स्थगितीही उठली.

याउलट, नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्राने 'फायटोफार्मास्युटिकल' हा नवा वर्ग औषध नियमांत समाविष्ट केला. वनस्पतीच्या शुद्ध केलेल्या अंशातील किमान चार द्रव्यांचे प्रमाण निश्चित करून, इतर औषधांप्रमाणेच सुरक्षितता आणि परिणाम सिद्ध करावा, अशी त्यात अट आहे. कुटकी किंवा दारुहळदीसारख्या वनस्पतींचे भवितव्य या मार्गानेच ठरू शकेल. कुटकीबाबत आणखी एक अडचण आहे. हिमालयाच्या उंच भागात वाढणाऱ्या या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९७ पासून नियंत्रित करण्यात आला आहे. देशातील एक तृतीयांश प्रौढांना पुरेल इतकी कुटकी डोंगरात नाही आणि जे दुर्मीळ असते त्यात भेसळ होते.

ताटातील वनस्पती

वनस्पतींकडे काढा, चूर्ण किंवा कॅप्सूल म्हणून न पाहता अन्न म्हणून पाहिले, तर चित्र बदलते. क्युबामध्ये २९३ रुग्णांवर ५२ आठवडे झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयातील महत्त्वाचा पुरावा मानला जातो. वजन १० टक्के किंवा त्याहून अधिक घटवणाऱ्यांपैकी ९० टक्के जणांचा यकृतदाह नाहीसा झाला आणि ४५ टक्के जणांची तंतुमयता कमी झाली. वनस्पतींच्या अर्काच्या कोणत्याही चाचणीने असा परिणाम दाखवलेला नाही. मात्र इतके वजन घटवू शकणारे रुग्ण केवळ १० टक्के होते, ही या उपायाची कटू बाजूही त्याच अभ्यासाने समोर आणली.

भारतीय ताटाचा प्रश्न वेगळा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या दैनंदिन उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, असे त्यात आढळले. केवळ पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्ये आणल्याने मधुमेहाचा धोका कमी होत नाही. त्यासाठी पिष्टमय पदार्थांचे एकूण प्रमाण घटवून डाळी, कडधान्ये आणि दुधातील प्रथिने वाढवावी लागतात, असाही त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. मधुमेह आणि फॅटी लिव्हर या दोन्हींच्या मुळाशी इन्सुलिनला दाद न देणारे शरीर असल्याने हा सल्ला येथेही लागू पडतो. नंजनगूड परिसरातील रागीमुद्दे असो किंवा कोकणातील नाचणीची भाकरी असो, ती भाताला जोड म्हणून नव्हे तर भाताऐवजी, आणि सोबत भरपूर उसळ-भाजी घेऊन खाल्ली, तरच उपयोग. कॉफीचेही तसेच. नियमित कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृताची तंतुमयता कमी आढळते, असे अनेक निरीक्षणे सांगतात. परंतु प्रत्येक पेल्यात दोन चमचे साखर पडत असेल, तर तो हिशेब उलटा होतो.

ही दृष्टी आयुर्वेदालाही परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिपोषणातून होणाऱ्या व्याधींसाठी स्वतंत्र अध्याय आहे आणि अशा व्याधींत आहार-विहाराच्या पथ्याला मूलभूत स्थान आहे. आजच्या बाजारात औषध विकले जाते आणि पथ्य मागे पडते. पथ्याची बाटली भरता येत नाही, हे त्याचे साधे कारण आहे.

रुग्णाने काय करावे

ज्यांच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असा शेरा आला आहे, त्यांनी आपल्या यकृतात तंतुमयता कितपत आहे हे आधी जाणून घेणे आवश्यक आहे. वय, यकृताची दोन एन्झाइमे आणि प्लेटलेटची संख्या यांवरून 'फिब-४' हा निर्देशांक काढता येतो. त्यासाठी लागणाऱ्या रक्तचाचण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात. निर्देशांक १.३ पेक्षा कमी असेल, तर प्रगत तंतुमयतेची शक्यता अल्प असते. अधिक असल्यास तज्ज्ञांकडे पुढील तपासणी करावी लागते. वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा २ धरली जाते. मधुमेह असणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये. कोणताही काढा, चूर्ण किंवा कॅप्सूल सुरू असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. डोळे पिवळे दिसू लागल्यास किंवा लघवीचा रंग गडद झाल्यास ते तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे.

टॉनिकचा सर्वांत मोठा अपाय बहुधा त्यातील द्रव्यांचा नसतो. 'औषध चालू आहे' या समाधानात जी चार-पाच वर्षे निघून जातात, त्यांचा असतो. या काळात ताट बदलत नाही, वजन हलत नाही आणि तंतुमयता वाढत राहते. प्रारंभीच्या टप्प्यात हा विकार मागे फिरवता येतो. सिरोसिस झाल्यावर ती संधी बरीचशी हातची जाते. वनस्पतींवरील संशोधन पुढे जायलाच हवे आणि त्यातून उद्या एखादे खात्रीचे औषध निघेलही. तोवर रुग्णाच्या हाती असलेला सिद्ध उपाय त्याच्या ताटातील भात आणि साखर कमी करणे व डाळी-भाज्या वाढवणे हाच आहे.